ट्रंपेट कोणाचा?

पत्र

मी म्हापशाचा, वय 22. दिवसा मोबाईलच्या दुकानात काम, रात्री लॅपटॉपवर बीट्स. शुक्रवारच्या बाजारात जुन्या पंख्यांच्या आणि भांड्यांच्या ढिगात मला पाच रेकॉर्डी मिळाल्या. सगळ्या 45च्या (मिनिटाला 45 फेऱ्यांच्या), कोंकणी गाण्यांच्या, सगळ्यांना बुरशी. एकीवर गायक मध्येच थांबतो आणि सहा सेकंद फक्त बोंगो आणि ट्रंपेट वाजतो. तेवढ्यावर मी बीट बांधलाय, मित्र वेडे झालेत. आजीने ऐकलं आणि म्हणाली, हा ट्रंपेट पलीकडच्या वाड्यावरच्या मेस्तांचा, म्हणजे संगीताच्या मास्तरांचा. कव्हरवर त्यांचं नाव नाही. ते 84 वर्षांचे आहेत, हल्ली घराबाहेर पडत नाहीत. माझा बेत असा : आधी ट्रॅक ऑनलाइन टाकायचा, हजारभर लोकांनी ऐकला की मग त्यांना नेऊन दाखवायचा. सरप्राइज! मित्र म्हणतात सहा सेकंदांना परवानगी लागत नाही, आणि खरा डिगर, म्हणजे जुन्या रेकॉर्डी खणून काढणारा, सँपल (उचललेला तुकडा) कुठून घेतलं ते सांगतच नाही. बाबा म्हणतात, रद्दी घरात आणू नकोस. काय करू?

– सुईत अडकलेला, म्हापसा

उत्तर

अडकलेल्या सुईला हलका धक्का पुरतो, म्हणून आधी एवढंच : क्रम उलटा कर. मेस्त आधी, ट्रॅक नंतर.

84 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ‘हजार लोकांनी ऐकलं की’ ही अट फार लांबची आहे. शिवाय सरप्राइज तुझ्यासाठी गोड असेल, त्यांच्यासाठी ती जुनीच गोष्ट होईल. आपण वाजवलं, ते दुसऱ्याच्या नावाने बाहेर गेलं आणि आपल्याला मागाहून कळलं, हे त्या पिढीच्या गोव्याच्या वादकांनी जन्मभर पाहिलंय. मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या व्हायोलिन-ट्रंपेटवाल्यांनी भरलेले असायचे आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव संगीतकाराचं, गायकाचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरात पोचलं ते 1977 सालच्या एका सिनेगीतातून, तेही त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालनी गुरूची आठवण ठेवली म्हणून. ते गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना या नावाचा खरा वादक आहे हे माहीतच नव्हतं. तुझ्या मेस्तांना गाण्यात गुंफणारा शिष्य मिळाला नसेल. तू मिळाला आहेस.

आता मित्रांचं म्हणणं. सहा सेकंदांना परवानगी लागत नाही हा समज हिप हॉपइतकाच जुना असेल आणि तितकाच टिकाऊ. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. जेमतेम सहा-सात सेकंदांत काय मावतं ते पाहायचं असेल तर ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या 1969च्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूचा ड्रमचा तुकडा घे. जगात सर्वांत जास्त उचललेल्या सँपलांपैकी तो एक. हजारो गाणी त्यावर उभी आहेत. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006मध्ये हलाखीत गेला, त्या तुकड्याचा एक छदाम त्याला मिळाला नाही. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला 2015मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून थोडे पैसे पोचवले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याचंही तेच. ठेका त्याचा, पण गाण्याचा रचनाकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे स्टबलफील्डच्या वाट्याला वाजवण्याची बिदागी आली आणि तिथेच हिशेब मिटला.

दुसरं म्हणणं जरा खोलात जाऊन बघायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. 11 ऑगस्ट 1973ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या 1520 सेजविक ॲव्हेन्यूच्या इमारतीत ज्याने हिप हॉपचा जन्म मानली जाणारी पार्टी वाजवली, तो डीजे कूल हर्क आपल्या रेकॉर्डींची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. शेजारच्या डीजेला नाव कळू नये म्हणून. तेव्हापासून सँपलचा पत्ता फोडणं हा या जगात जवळजवळ गुन्हाच मानला जातो, वर वकिलांची नोटीस येण्याची भीती. पण नीट बघ, हर्क कोणापासून लपवत होता? बाजूच्या डीजेपासून, वाजवणाऱ्यापासून नव्हे. तुझा वादक पलीकडच्याच वाड्यावर राहतो. त्याच्यापासून लपवलंस तर त्याला डिगिंग म्हणत नाहीत, त्याला आपल्याकडे साधा मराठी शब्द आहे.

आणि या छंदाची दुसरी बाजूही आहे, जिच्यासाठी आम्हाला तो प्रिय आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982मध्ये रागांवर सिंथेसायझरची एक रेकॉर्ड काढली होती, ती कोणी फारशी विचारली नाही. 2002मध्ये एका डच डिगरच्या हाती ती दिल्लीत लागली. त्याने रेकॉर्डवर न थांबता माणूस शोधला आणि 2010मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. सत्तरीतले सिंग परदेशी मंचांवर तीच वाद्यं घेऊन उभे राहिले. 2015मध्ये ते वारले, पण आधी टाळ्या ऐकून. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी 1977मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांच्या सोन्याच्या तबकडीवर गेली, तीसुद्धा डिगिंग करूनच. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात ती रेकॉर्ड सापडली होती. पहिलं यान 20 ऑगस्टला उडालं, दुसरं 5 सप्टेंबरला. केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या. इतकी थोडी फट असते कधीकधी.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि तो बहुधा कंपनीकडे असतो. तुझ्या रेकॉर्डवर 1968 छापलं असेल तर 31 डिसेंबर 2028पर्यंत. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे तुला दोन दारं ठोठवायची आहेत : कंपनीचं आणि रचनाकाराच्या वारसांचं. वादकाचा स्वतःचा हक्क आपल्या कायद्यात आला 1994च्या दुरुस्तीने, त्यामुळे साठच्या दशकात वाजवलेल्या ट्रंपेटसाठी मेस्त तुझ्याकडे कायद्याने बहुधा काहीच मागू शकणार नाहीत. म्हणूनच त्यांना जे द्यायचं ते तुलाच ठरवावं लागेल. पण तीच ओळ आज नव्याने वाजवून घेतलीस तर जुन्या ध्वनिमुद्रणाची परवानगी लागत नाही, फक्त चालीची लागते. आणि नव्या वादनावर त्यांचा 50 वर्षांचा हक्क उभा राहतो. हा रस्ता तुला स्वस्त आणि त्यांना फायद्याचा. परवानग्या हातात येईपर्यंत ट्रॅक लॅपटॉपमध्येच राहू दे. वाड्यावर, मित्रांत वाजव, कोणी अडवत नाही.

मेस्तांकडे जाण्याआधी रेकॉर्ड ऐकण्याजोगी कर. बुरशीसकट ती वाजवू नकोस. सुई तो मळ खाचेत दळते आणि मग कितीही धुतलंस तरी चरचर जात नाही. तोंडाला मास्क लाव आणि बाल्कनीत बस, कारण कोरड्या ब्रशने घरात झाडलीस तर बुरशी बाकीच्या चार रेकॉर्डींवर आणि बाबांच्या कपाटात जाईल (मग बाबांचं रद्दीचं मत बरोबर ठरेल). 400 मिली डिस्टिल्ड वॉटर, 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं जे पाणी मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर ‘ॲसिड’ नाही ना ते वाच. नळाचं पाणी नको, सुकल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलगोल पूस, आडवं कधीच नको. लेबल कोरडं ठेव. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धू आणि सावलीत उभी करून तासभर वाळव. उन्हात ठेवलीस तर तिची पापडी होईल. मे महिन्यात बंद गाडीत ठेवली तरी तेच. जुन्या आतल्या कागदात परत घालू नकोस, बुरशी तिथेच बसलेली असते.

पुढे कधी जाड, जड, टिचकी मारल्यावर खणखणणारी 78ची सापडली तर एक लक्षात ठेव : ती लाखेची असते आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. तिला फक्त पाणी आणि साबणाचा थेंब, तोही झटपट. तिची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते, साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची 1 मिलची किंवा त्याहून बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसता खरखराट देते.

उतरवून घेताना सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) कागदावर लिहिलेला असतो तेवढाच ठेव, साधारण दीड ते दोन ग्रॅम, डीजेच्या सुईला तीन-चार. रेकॉर्ड उडी मारते म्हणून सुईच्या दांडीवर नाणं ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ते नाणं खाच कोरून काढतं. गुणगुण ऐकू आली तर अर्थिंगची तार सुटलीय, ती आधी बघ. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. रेकॉर्ड मोनो असली तरी स्टिरिओत उतरव आणि नंतर दोन्ही बाजू मिळवून मोनो कर. मळामुळे सुई वरखाली हलते त्याचा आवाज बराचसा तिथेच कटतो. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर हात राखून वापर, ते ट्रंपेटची धारही खातं.

तुझ्या तुकड्याबद्दल एक शंका. लय मिनिटाला 96 मात्रांची धरली तर चार मात्रांना अडीच सेकंद लागतात, म्हणजे सहा सेकंदांत दोन आवर्तनं आणि वर एक शेपूट. बहुतेक जण शेपूट कापून टाकतात. कापू नकोस, गायक परत यायच्या आधीचा बोंगोवाल्याचा श्वास त्यात असतो. आणि प्रत्येक ठोका ग्रिडला (सॉफ्टवेअरच्या आखीव रेघांना) चिकटवलास तर ज्यावर मित्र वेडे झाले तोच झोका मरेल. तू वेग बदलला आहेस का? एसपी-1200 या जुन्या सँपलिंग मशीनवर जेमतेम दहा सेकंद मावायची, म्हणून तेव्हाचे बीटवाले 33ची रेकॉर्ड 45वर उतरवायचे आणि मशीनमध्ये परत खाली ओढायचे, त्यातून तो खडबडीत आवाज आला. पण नुसतं 33चं 45 केलंस तर सूर पाच पट्ट्यांहून थोडा जास्त चढतो. काळी एकचा सा काळी तीनच्या जरा वर जाऊन बसतो. मेस्तांना हे लगेच कळेल. चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरांची सरगम) घोकलेला कान तो.

आता भेट. आधी घरच्यांना, मुलीला किंवा सुनेला फोन कर आणि वेळ विचार. सकाळी दहा-साडेदहा बरी, दुपारी एक ते चार कोणाचंच दार वाजवू नये. आजीला सोबत ने. ती ओळखीची आहे आणि तुझ्यासारख्या पोराला नुसतं ‘सँपल’ म्हणून समजावता येणार नाही ते ती दोन वाक्यांत सांगेल. बोलणं कोंकणीतून होऊ दे. घड्याळी तास झाला की उठायचं, तोही ते थकले नसतील तर. एका भेटीत सगळं उरकायचं नाही.

रेकॉर्ड स्वतः हातात घेऊन जा, त्यांच्या हातात दे. ऐकवायला मात्र उतरवलेली फाइल आणि एक बरा स्पीकर ने. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवू नकोस. म्हातारपणी वरचे सूर आधी जातात, म्हणून आवाज बेताचा मोठा आणि बास कमी. आधी पूर्ण गाणं, मूळ वेगात, एकदा. मध्ये बोलू नकोस. ते दुसऱ्यांदा लावायला सांगतील, लाव. तुझा बीट त्या दिवशी शेवटी, आणि त्यांनी विचारलं तरच.

‘जुन्या आठवणी सांगा’ असं म्हणालास तर जे सगळ्यांना सांगतात तेच सांगतील. बारीक प्रश्न विचार. बोंगोवर कोण होता? मुद्रण मुंबईत की कुठे, आणि माइक किती? ओळ कागदावर लिहिलेली होती की जागेवर सुचली? किती टेक झाले, कोण चुकला? त्या दिवसाचे पैसे किती मिळाले आणि कोणी दिले? ज्यांची नावं कव्हरवर नाहीत त्यांची नावं सांगा. ओळ जागेवर सुचली असेल तर ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेव, पुढे श्रेय लिहिताना त्याचा उपयोग आहे. नावं त्यांच्याकडून लिहून घे; एकाच नावाचे चार जण प्रत्येक गावात असतात, म्हणून गावही लिही. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलशेजारच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक, दोन्ही वहीत उतरव. वर्ष ठरत नसेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळ, तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) जाहिरातींत वादकांची नावं सापडतात.

‘जरा वाजवून दाखवा ना’ हे मात्र म्हणू नकोस. ट्रंपेट ओठांवर आणि पुढच्या दातांवर वाजतो. कवळी बसली की वर्षानुवर्षं कमावलेली ओठांची पकड जाते, आणि चार जणांसमोर फुसका सूर निघणं हा त्यांचा अपमान आहे. ओळ तोंडाने म्हणतील, टेबलावर बोटं तीन वाल्व्ह असल्यासारखी चालतील, तेच रेकॉर्ड कर. पंखा बंद, फ्रिज बंद, रेकॉर्डर हातभर अंतरावर टॉवेलच्या घडीवर. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू मध्ये येईल, येऊ दे. मग फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) बँडमधला एखादा तरुण ट्रंपेटवाला घेऊन ये आणि त्यांनी त्याला ओळ बसवून द्यावी असं विचार. बहुतेक जुन्या मेस्तांना वाजवायला लावण्यापेक्षा शिकवायला लावलेलं आवडतं. ते स्वतःच पेटी उघडायला निघाले तर गोष्ट वेगळी. वाल्व्ह घट्ट झाले असतील, ओढू नकोस. वाल्व्ह ऑइलचे थेंब सोड आणि वाट पाहा. माइक ट्रंपेटच्या पुढच्या रुंद तोंडापासून दोन फुटांवर, थोडा तिरका. पाच मिनिटं वाजवणं, पंधरा मिनिटं चहा.

पैशाचं पहिल्याच भेटीत बोल, संकोच करू नकोस आणि स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नकोस. हजार श्रवणांचे जे येतात ते फार थोडे. आज एखाद्या वादकाला तासाचे जे देतोस ते त्यांना त्याच दिवशी रोख दे. शिवाय एका पानावर लिही : कोणतं वादन, कुठे वापरणार, तुझ्या वाट्यातला किती हिस्सा त्यांचा, त्यांच्यानंतर तो कोणाला, नाव कसं छापायचं. तुकडा बीटचा कणा असेल तर निम्मा हिस्सा आम्हाला योग्य वाटतो. मित्र हसतील, हसू दे. भाषा त्यांना वाचता येते ती वापर. त्या पिढीतले पुष्कळ जण देवनागरीपेक्षा रोमी लिपीत वाचतात. आणि ते ‘नको’ म्हणाले तर तो बीट पुसून टाक. दुसऱ्या चार रेकॉर्डी आहेत ना तुझ्याकडे.

आणखी एक काम तुझ्या हातून होण्यासारखं आहे. कला व संस्कृती संचालनालयाची ‘कला सन्मान’ नावाची वयस्क कलाकारांना अर्थसहाय्याची योजना आहे. त्यांना ते मिळतं का, घरच्यांना विचार. मिळत नसेल तर बरेचदा अर्ज अडतो तो पुराव्यावर : कार्यक्रमपत्रिका नाही, कात्रण नाही, कव्हरवर नाव नाही. तू उतरवलेलं गाणं, त्यांनी सांगितलेली नावं आणि तारखा, त्या वेळच्या एखाद्या सोबत्याचं लेखी म्हणणं यांची फाइल करून दे. सध्याच्या अटी पणजीच्या कार्यालयात विचारून घे.

श्रेयाची ओळ ट्रॅकच्या नावाखाली पहिलीच असू दे : ट्रंपेट, मग त्यांचं पूर्ण नाव, गाव, मूळ मुद्रणाचं वर्ष. बोंगोवाल्याचं नाव कळलं तर तेही. ट्रॅक टाकताना वादकांच्या नावांचा रकाना असतो, तो रिकामा सोडतात ते आळसाने.

बाबांसाठी : रेकॉर्डी आडव्या रचू नकोस, उभ्या ठेव, भिंतीपासून चार बोटं लांब, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुड्या बदल. वास आला नाही तर तक्रारही येणार नाही.

नावं लिहून घेतलेला कागद कव्हरच्या आत सरकवून ठेव, पेन्सिलने लिहिलेला. कव्हरवर पेन लावायचं नाही हा डिगरचा नियम आहे, किंमत उतरते. पण मेस्तांनी ते कव्हर उलटसुलट पाहून स्वतःहून पेन मागितलं, तर दे.